सिंहगड रणभूमी म्हणून कसा पाहावा: कडा, दरवाजा, समाधी आणि रात्रीच्या गोष्टी

माझा भाचा अकरावीत होता तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत तो धायरीला माझ्याकडे राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "मावशी, अमावास्येला सिंहगडावर जाऊ या ना. रात्री तिथे तलवारींचे आवाज येतात म्हणे." त्याच्या वर्गातल्या एकाच्या भावाच्या मित्राने ते ऐकले होते. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट नवी नाही. कुणी सांगतं घोड्यांच्या टापा ऐकू येतात, कुणी सांगतं कल्याण दरवाजापाशी मध्यरात्री "हर हर महादेव" उठतं, आणि घाटातल्या दरीतून लहान मुलांच्या रडण्याचा आवाज येतो ही तर सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट.

मी त्याला नेलं, पण अमावास्येला नव्हे. माघ वद्य नवमीपर्यंत त्याला थांबवलं आणि पहाटे पायवाटेने वर नेलं. त्या दिवशी आम्ही ज्या क्रमाने गड फिरलो, तोच क्रम मी नंतर पाहुण्यांना, शेजाऱ्यांच्या मुलांना, ऑफिसातल्या मैत्रिणींना दाखवत आले. पिठलं-भाकरी खाऊन आणि फोटो काढून परत येणाऱ्यांना गड दिसतो, पण लढाई दिसत नाही. ती दिसावी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सिंहगडच का

पुण्याच्या आसपास लढाया पुष्कळ झाल्या, पण जिथे लढाई झाली ती जमीन पायाखाली घेता येईल अशा जागा थोड्याच उरल्या. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. बापू गोखल्यांचं घोडदळ ज्या गणेशखिंडीच्या माळावरून धावलं, त्या माळावर आज विद्यापीठ आहे, उड्डाणपूल आहेत, सिग्नल आहेत. शनिवारवाड्याची "काका, मला वाचवा" ही हाक प्रत्येक पुणेकराने लहानपणी ऐकलेली असते, पण ३० ऑगस्ट १७७३ ला तिथे झाला तो खून, लढाई नव्हे. सिंहगडाचं वेगळं आहे. कडा तोच आहे, वारा तोच आहे, दरवाजाची जागा तीच आहे. ज्या बाजूने माणसं चढली आणि ज्या बाजूला पडली, त्या दोन्ही ठिकाणी उभं राहता येतं.

निघण्यापूर्वी: ती रात्र समजून घ्या

ही पायरी वगळू नका. गडावर जाऊन मोबाइलवर इतिहास वाचण्यात अर्थ नाही. वाऱ्यात डोळे मिटायला होतं आणि रेंजही धड नसते. आदल्या रात्री घरी अर्धा तास काढा.

थोडक्यात असं. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा, म्हणजे हाच सिंहगड, गेला. साडेचार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसऱ्यांनी तो परत घेतला. गडावर उदेभान राठोड किल्लेदार होता. तिथी माघ वद्य नवमी. हीच तिथी पुढे दासनवमी म्हणूनही पाळली जाऊ लागली, त्यामुळे कॅलेंडरवर ती सापडायला सोपी जाते. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, तोही अर्धाच. म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात कड्याखाली काळोख होता. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून गेलात तर कड्यापाशी उभं राहिल्यावर बरंच काही आपोआप कळतं.

आता पोवाडा आणि बखर यांतला फरक. यशवंती घोरपडीला दोर बांधून चढल्याची गोष्ट पोवाड्यातली आहे. सभासदाची बखर या घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी, १६९७ मध्ये लिहून झाली. तिच्यात घोरपड नाही. पाचशे माणसं घेऊन तानाजी गडाखाली गेले आणि दोन निवडक मावळे वानरासारखे कड्यावर चढवले, एवढंच तिथे आहे. मला हे जास्त अंगावर येतं. दोन माणसं, अंधार, हातापायांची बोटं, आणि वर पहारा. त्याच बखरीत आणखी एक तपशील आहे. झुंजताना तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डाव्या हातालाच कापड गुंडाळून त्याची ढाल केली आणि वार झेलले. तानाजी आणि उदेभान दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले. मग तानाजींचा भाऊ सूर्याजी याने माणसं सावरली आणि गड घेतला. पागेच्या छपरांना आग लावून केलेला उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला.

आणि हो, "गड आला पण सिंह गेला" म्हणून नाव सिंहगड पडलं असं आपण शाळेत शिकलो, पण सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच आढळतं. मुलांना हे जरूर सांगा. याने तानाजींचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

कधी जावं

उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. गवत वाळलेलं असतं, तट मोकळा दिसतो, हवा स्वच्छ असते आणि राजगड, तोरणा, पुरंदर लांबून ओळखू येतात. त्यातही माघ वद्य नवमी गाठता आली तर गाठा. त्या दिवशी समाधीपाशी लोक येतात, पूजा होते, पोवाडे होतात. गर्दी चालत नसेल तर नवमीच्या आगेमागे कामाच्या वाराला जा.

पावसाळ्यात गड देखणा दिसतो, पण रणभूमी पाहायला पावसाळा कामाचा नाही. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, कातळावर शेवाळं असतं आणि घाटरस्त्यावर दरडी येतात. वनखातं अशा वेळी रस्ता बंद ठेवतं. रविवार तर बारा महिने टाळा. खडकवासल्याच्या चौपाटीपाशी गाड्या अडकल्या की दोन तास तिथेच जातात आणि सगळा उत्साह भुट्ट्याच्या धुरात संपतो.

कसं पोचावं

शनिवारवाडा आणि स्वारगेटकडून सिंहगड पायथ्याला जाणारी पीएमपीची ५० नंबरची बस आहे. ती आतकरवाडीपाशी सोडते आणि तिथूनच पायवाट सुरू होते. स्वतःच्या गाडीने सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे फाटा, गोळेवाडीचा नाका असं जायचं. नाक्यावर वनखातं उपद्रव शुल्क घेतं, पावती जपून ठेवा. घाटरस्त्याने गाडी थेट पुणे दरवाजाच्या खालपर्यंत जाते. सातारा रस्त्याच्या बाजूचे लोक खेड शिवापूरहून कोंढणपूरमार्गे येऊ शकतात. तो रस्ता थोडा लांबचा पडतो, पण रविवारची चौपाटी त्यात लागत नाही.

गुडघे ठीक असतील तर चालतच जा, असा माझा आग्रह आहे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि आतकरवाडीतून चढताना त्यातले पाच-सहाशे मीटर तरी आपल्या मांड्यांनी मोजावे लागतात. रोज चढणारे तासाभरात जातात, नवख्याला दोन तास लागतात. गाडीने वर आलेल्या माणसाला कडा म्हणजे देखावा वाटतो. ज्याने दोन तास घाम गाळला आहे, त्याला कळतं की ही उंची दोर घेऊन, हत्यार पाठीला बांधून, आवाज न करता चढायची म्हणजे काय.

पहाटे साडेपाच-सहाला पायथा सोडा. उन्हाच्या आत वर पोचता येतं.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. वाटेत ताक, लिंबूसरबत मिळतं, पण पहाटे टपऱ्या उघडलेल्या असतीलच असं नाही. टोपी, वाऱ्याचं एखादं जर्किन, पकड असलेले बूट. चपलेवर कड्याकडे जाऊ नका. छोटी विजेरी घ्या, पहाटेच्या अंधारासाठी. गुळ-शेंगदाणे किंवा दशम्या. एक रिकामी पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी. समाधीला वाहायला फुलं न्यायची असतील तर घरची न्या आणि त्यांची प्लॅस्टिकची पिशवी परत आणा.

गडावर: चालण्याचा क्रम

बहुतेक लोक पुणे दरवाजातून आत येतात आणि दिसेल ते पाहत जातात. म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात नंतर होते. माझा क्रम वेगळा आहे: आधी कडा, मग दरवाजा, मग समाधी.

पुणे दरवाजात एकामागोमाग एक असे तीन दरवाजे आहेत. तिथे क्षणभर थांबून वर पाहा. या तोंडाने गड घ्यायचा म्हटलं तर तिन्ही दरवाजे फोडावे लागले असते, वरून दगड आणि गोळ्या झेलत. कडा का निवडला, याचं उत्तर इथेच मिळतं. तेवढं पाहून पुढे निघा.

उजव्या हाताला दगडी इमारत लागते, ते दारूकोठार. ११ सप्टेंबर १७५१ ला या कोठारावर वीज पडली. स्फोटात गडाच्या फडणिसांचं घर उद्ध्वस्त झालं आणि घरातली सगळी माणसं गेली. तानाजींच्या लढाईशी याचा संबंध नाही, तरी मी इथे दोन मिनिटं थांबते. गडावरच्या भयकथा सांगणाऱ्यांना ही खरी घडलेली गोष्ट बहुधा माहीत नसते.

वाटेतल्या भाकरीच्या झोपड्या आत्ता सोडा. टिळकांचा बंगला, कोंढाणेश्वराचं जुनं मंदिर आणि देवटाकं परतीच्या वाटेवर पाहता येतील. १९१५ मध्ये टिळक आणि गांधी यांची भेट याच बंगल्यात झाली होती. देवटाक्याचं पाणी गांधीजी पुण्यात आले की मुद्दाम मागवत, असं सांगतात. सरळ पश्चिमेचा तट गाठा.

*डोणागिरीचा कडा.* यालाच आता सगळे तानाजी कडा म्हणतात. इथे पोचलात की आधी बसा. उभ्याने खाली डोकवायचं नाही. कडेची माती सुटी असते आणि वारा एकाएकी जोर धरतो. कठड्यापलीकडे कुणीही जायचं नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. मुलं असतील तर त्यांचा हात धरूनच ठेवा.

बसल्यावर खालची दरी नीट न्याहाळा. वरून पाहताना कडा सरळसोट तुटलेला वाटतो, पण नजर स्थिरावली की कातळातल्या आडव्या रेघा, खाचा, त्यांत उगवलेली झुडपं दिसू लागतात. हा सह्याद्रीचा बेसाल्ट, थरावर थर रचलेला. त्या दोन मावळ्यांना हात-पाय ठेवायला जी जागा मिळाली ती याच थरांच्या सांध्यांत. माझ्या भाच्याने त्या दिवशी तटाजवळच्या एका दगडाच्या खाचेत नुसती बोटं अडकवून पाहिली. फेब्रुवारीतली सकाळ, दगड बर्फासारखा गार. अर्ध्या मिनिटात त्याने हात काढून काखेत धरला. "मावशी, यांची बोटं बधिर नसतील झाली?" असं त्याने विचारलं, आणि तिथून पुढे दिवसभर त्याने भुताचं नाव काढलं नाही.

इथे पाच मिनिटं कुणी बोलू नका. मोबाइलवर पोवाडा लावू नका. फक्त वारा ऐका. शेकडो माणसं वर येईपर्यंत पहारेकऱ्यांच्या कानी काही गेलं नसेल तर ते या वाऱ्यामुळेही असेल, असं मला दरवेळी वाटतं.

*झुंजार बुरूज.* कड्यावरून तटाच्या कडेकडेने दक्षिणेकडे चालत या. वाट सोपी आहे, पण तटाच्या फुटलेल्या भागावर चढू नका. बुरुजावरून समोर राजगड दिसतो, त्याच्या उजवीकडे तोरणा, खाली पानशेतचं खोरं, पूर्वेला दूरवर पुरंदर. बरोबरच्या माणसांना विचारा, राजगड कुठला? सापडला की सांगा, तिथून महाराजांनी पागेच्या आगीचा उजेड पाहिला. पुरंदरही दाखवा. ज्याच्या पायथ्याशी झालेल्या तहात हा गड गेला तो किल्ला एका बाजूला, आणि जिथे तो परत मिळाल्याचं कळलं तो दुसऱ्या बाजूला. नकाशावर वाचून हे कधी कळत नाही, इथे मान वळवली की कळतं.

*कल्याण दरवाजा.* खालच्या कल्याण गावातून येणारी वाट या दरवाजातून वर येते. वर चढलेल्यांनी आतून वाट मोकळी केली आणि सूर्याजी उरलेल्या माणसांनिशी इथून आत शिरला, असं परंपरा सांगते. पायऱ्या उतरून दरवाजाच्या बाहेर जा आणि मग वर तोंड करून उभे राहा, कारण बाहेरून आत येणाऱ्याची नजर महत्त्वाची आहे. बुरुजांच्या दगडात कोरलेले हत्ती आणि माहूत शोधा. हत्तीचं अर्धंच अंग दगडाबाहेर आहे, जणू भिंतीतून निघता निघता थांबला आहे. शके १६७२ चा, म्हणजे साधारण १७५० चा, बाळाजी बाजीरावांच्या कारकिर्दीचा शिलालेखही इथे आहे. तेव्हा आज दिसणारं सगळंच काम तानाजींच्या काळातलं नाही, हे ध्यानात घ्या. वाट आणि चढ मात्र तेच आहेत.

*उदेभानाचं स्मारक.* दरवाजातून पुन्हा वर आलात की उजव्या हाताला. इथे बहुतेक लोक थांबतच नाहीत, आणि मला ते खटकतं. तो शत्रूचा किल्लेदार होता, पण नेमून दिलेल्या जागेवर लढत मेला. माझी आई जिवंत असताना तानाजींना वाहिलेल्या फुलांतलं एक फूल बाजूला काढून इथे ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पडलेल्याला जात नसते बाई, आणि बाजूही नसते." मी तेच करत आले आहे.

*राजाराम महाराजांची समाधी.* रंगीत घुमटी आहे, देवळासारखी. छत्रपती राजाराम महाराज याच गडावर २ मार्च १७०० ला गेले. पुढे तीनच वर्षांत औरंगजेबाने गड घेतला, मग मराठ्यांनी तो परत मिळवला, आणि मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांचा मारा करून घेतला. एका रात्रीच्या लढाईसाठी आपण येतो, पण या मातीत किती वेळा माणसं पडली याचा अंदाज इथे येतो.

*तानाजींची समाधी.* सगळ्यात शेवटी. बूट बाहेर काढा. इथवर कडा, बुरूज, दरवाजा असा फिरून आलेला माणूस आपोआप हळू बोलतो, हे मी दरवेळी पाहिलं आहे. ढाल तुटल्यावर डाव्या हाताला कापड गुंडाळल्याची गोष्ट मी इथे सांगते, आधी नाही. मुलं आपल्या डाव्या हाताकडे बघतात.

एवढ्या फेरीला अडीच ते तीन तास धरा.

रात्रीच्या गोष्टींचं काय करायचं

आधी नियम. संध्याकाळनंतर गडावर थांबायला मनाई आहे. नाका किती वाजता बंद होतो हे वर जातानाच विचारून घ्या आणि त्याच्या तासभर आधी उतरायला लागा. सिंहगडाच्या जंगलात बिबट्या आहे, तट ठिकठिकाणी फुटका आहे, आणि अंधारात कडा आणि माळ यांतला फरक पावलाला कळत नाही. भूत बघायला गेलेली पोरं अडकली तर मध्यरात्री त्यांना शोधायला पायथ्याच्या गावांतली माणसं दोर घेऊन निघतात. त्यांच्या घरी बायका-मुलं वाट बघत असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रात्रीच्या चालण्याची फारच हौस असेल तर अनुभवी गटाबरोबर, परवानगीची खात्री करून, पौर्णिमेच्या आसपास कात्रज ते सिंहगड हा ट्रेक करा. तेरा-चौदा टेकड्या चढ-उतार करत पहाटे सिंहगडाच्या घाटात निघता येतं. अंधाराची ओळख तिथे चांगली होते.

आता आवाजांकडे वळू. दिवस मावळताना पायथ्याशी आलात तर आतकरवाडीत चहा घेत थोडं थांबा. रातवा ओरडतो, एकसारखा, दगडावर दगड आपटल्यासारखा. भेकर दचकलं की कुत्र्यासारखं भुंकतं, पण ते इतकं अचानक आणि कर्कश असतं की अंगावर काटा येतो. शिंगळा घुबड घुमतं. खालच्या वाड्यांत कुठे वरात असली तर तिचे ताशे कड्यावर आपटून भलत्याच दिशेने येतात. टापा, खणखणाट, हाका: ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून लढाई असेल तर यातून सगळं तयार होतं. वरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा धुक्यात मोठा दिसतो, त्याचेही "मशाली दिसल्या" असे किस्से झालेले मी ऐकले आहेत.

चकवा मात्र मी स्वतः अनुभवला आहे. एका श्रावणात धुकं उतरलं आणि आम्ही तिघी टाक्यापासून निघून पुन्हा त्याच टाक्यापाशी आलो, दोनदा. दिशा हरवली की माणूस नकळत एका बाजूला झुकत चालतो आणि गोल फिरतो. जुनी माणसं चकवा लागला की जागीच बसायला सांगत, थोडं पाणी प्या, देवाचं नाव घ्या म्हणत. हा सल्ला अगदी व्यवहाराचा आहे. धुक्यात वाट हरवली तर चालत राहू नका. बसा, एकमेकांना हाक मारा, धुकं विरळ होईपर्यंत थांबा. आम्ही बसलो. दहा मिनिटांत भाकरीवाल्या मावशींच्या चुलीचा धूर नाकाला आला आणि त्या वासावर आम्ही झोपडीत पोचलो.

त्या मावशींनाच मी विचारलं होतं, "मावशी, तुमचा जन्म इथे गेला. तुम्हाला कधी काही दिसलं का हो?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, ती फुगेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिसतंय की. धुकं दिसतंय, वानरं दिसत्यात. आन् सुभेदार कुणाला कशाला भेवडावतील गं बाई? त्ये राखण करत्यात गडाची."

मला पटतं ते त्यांचं म्हणणं, आणि ते आपल्या रीतीला धरूनही आहे. आपल्याकडे भुतांचीही वर्गवारी आहे. इच्छा अपुरी राहिलेला समंध होतो, मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते असं म्हणत. पण रणात पडलेला भूत होत नाही, तो वीर होतो. त्याचा वीरगळ उभा करतात: खालच्या चौकटीत लढाई, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तो वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात असे दगड आहेत आणि लोक त्यांना शेंदूर लावतात, नारळ फोडतात. त्यांना भिऊन कुणी पळत नाही. म्हणून सिंहगडावर रात्री मावळे फिरतात असं कुणी सांगितलं तर त्याला हसू नका, फक्त विचारा की मग त्यांची भीती कशाला वाटावी?

मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी या गोष्टी गडावर सांगाव्यात की नाही? मी सांगते, पण समाधीपाशी नाही आणि परतीच्या उतारावर तर नाहीच. घाबरलेलं मूल उतारावर पळत सुटतं. जेवताना, उन्हात, झोपडीत बसून सांगावं.

जेवण

फेरी पूर्ण झाल्यावर. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, आणि शेवटी मडक्यातलं दही. दही घेताना मडकं तिरकं करून बघा, दही जागचं हललं नाही तर ते जमलेलं आहे. भाव आधी विचारा, घासाघीस करू नका. पाण्याचा प्रत्येक हंडा आणि सरपणाची प्रत्येक मोळी त्यांनी चढवून आणलेली असते. मडकं त्यांना परत द्या, तटाखाली फेकू नका.

हाच प्रवास पुढे न्यायचा असेल तर

तानाजींचा देह सिंहगडावरून त्यांच्या गावी, पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला नेला, असं सांगतात. वेल्ह्याच्या पलीकडे, केळदजवळून कोकणात उतरणाऱ्या वाटेला मढे घाट हे नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. उमरठला समाधी आहे. पुण्याहून भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर असं जाता येतं. पावसाळ्यात वरंध घाट बंद असू शकतो, तेव्हा महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने उतरावं, आणि तोही रस्ता सुरू आहे ना, याची निघण्याआधी चौकशी करावी. पहाटे निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं, पण मी पोलादपुरात मुक्काम करायला सांगेन. सकाळी समाधीपाशी गावातली एखादी म्हातारी झाडलोट करत असते. तिला हातभार लावा, मग ती आपणहून बोलायला लागते.